शिक्का पानावरच हवा

इंटरनेटवर एखादं शंभरेक वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक शोधा. नाटक असो, वैद्यकाचं असो, नाहीतर कुणाचं विस्मरणात गेलेलं प्रवासवर्णन असो. स्कॅन केलेली फाईल उघडली की पहिल्या काही पानांतच पुष्कळदा एक शिक्का भेटतो: मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणे. स्थळप्रत. त्याखाली विषय आणि क्रमांक, हाताने लिहिलेले. शेजारी बारकोडची चिठ्ठी, तिच्यावर ‘रेफबीके’ ही अक्षरं आणि पुढे आकडे.

१८९३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाचं आपल्यावर किती ऋण आहे, ते हा शिक्का दर वेळी सांगतो. ठाण्याच्या कपाटांतली ही पुस्तकं ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी पाठबळाच्या उपक्रमातून स्कॅन होऊन जगभर गेली. त्या उपक्रमाने पुस्तकं वाचवली, पण सूचीची दैना केली. मराठी नावं रोमन अक्षरांत, ज्याला जशी सुचली तशी. ळ आणि ल एकच, ण आणि न एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कुठे नाव अर्धं तुटलेलं, कुठे लेखकाच्या जागी भलतंच काही. पुढे ते मूळ संकेतस्थळही बंद पडलं. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून पुस्तकं हाताला लागतात. लोकांनी त्या उतरवून घेतल्या, फाईलींची नावं बदलली, एकमेकांना पाठवल्या.

सूची बिघडली, संकेतस्थळ गेलं, फाईलचं नाव बदललं. शिक्का टिकला, कारण तो पानावर मारलेला होता. पुस्तक कुठेही गेलं तरी ते ठाण्याच्या कुठल्या संग्रहातून निघालं हे त्याचं त्यालाच सांगता येतं.

आज हे सांगायचं कारण ग्रंथालय नाही, गेम आहे. इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात ती जात. पडद्यावर मजकूर येतो, पुढे काय करायचं ते वाचणारा ठरवतो, गोष्ट त्याप्रमाणे वळते. चित्रं नसली तरी चालतात, बंदुका तर लागतच नाहीत. लागतं ते चांगलं गद्य आणि फांद्यांचा हिशोब ठेवणारं डोकं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात या दोन्ही गोष्टी मुबलक आहेत. इथे वाचनालयं जुनी, नाटकांचे प्रेक्षक कडक, आणि संगणकावर पोट असलेली माणसं गल्लोगल्ली. ठाण्याने २०१० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं, डोंबिवलीने २०१७ साली. मराठीत अशी गोष्ट लिहायला आता तांत्रिक अडचणही उरलेली नाही. ख्रिस क्लिमस यांनी २००९ साली आणलेलं ट्वाइन हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं, देवनागरी घेतं, आणि शेवटी एक एचटीएमएल फाईल हातात देतं. एक पान, त्यात अख्खी गोष्ट. ती व्हॉट्सॲपवरून धाडा, पेनड्राइव्हवर द्या, कुठल्याही संकेतस्थळावर चढवा.

इथेच माझी तक्रार सुरू होते. पान इतकं सहज फिरतं की ते कुणाचं, कोणतं, कधीचं, याचा मागमूस दुसऱ्या हातातच संपतो. ‘गोष्ट फायनल २’ नावाची फाईल तिसऱ्या माणसाकडे पोचते तेव्हा ती अनाथ झालेली असते. आणि लिहिणाऱ्याला वाटत असतं की फाईलला नाव दिलं म्हणजे झालं. झालेलं काहीही नसतं. फाईलचं नाव हे पाकीट आहे. पत्र आत असतं, आणि सही पत्रावर करायची असते.

जगातल्या इंटरॅक्टिव्ह फिक्शनवाल्यांनी हा धडा बराच त्रास काढून घेतला. त्यांचा आद्य ग्रंथ म्हणजे ‘ॲडव्हेंचर’. विल क्राउदरने १९७० च्या दशकाच्या मध्यात लिहिला, डॉन वूड्सने १९७७ साली वाढवला. मग ज्याच्या हाती पडला त्याने आपापली भर घातली. सगळ्यांचं नाव तेच. शेवटी लोक त्या आवृत्त्या कमाल गुणांवरून ओळखू लागले: ही ३५० गुणांची, ती ५५० गुणांची. क्राउदरचा मूळ प्रोग्राम तर हरवल्यातच जमा होता. स्टॅनफर्डमध्ये वूड्सच्या विद्यार्थिदशेतल्या खात्याच्या जुन्या बॅकअपमध्ये तो सापडला आणि २००७ साली अभ्यासकांपुढे आला. तीस वर्षं जगभर खेळल्या गेलेल्या गोष्टीची ही अवस्था.

म्हणून २००६ साली या मंडळींनी आपसांत एक करार केला. ‘ट्रीटी ऑफ बेबल’ त्याचं नाव. वेगवेगळी साधनं बनवणारे, संग्रह सांभाळणारे, सूची करणारे एकत्र आले आणि एका गोष्टीवर ठाम राहिले: प्रत्येक कृतीला स्वतःचा एक क्रमांक हवा, आणि तो कृतीच्या आत हवा. त्याला आयएफआयडी म्हणतात. नव्या कृतीसाठी तो साधारणपणे यूयूआयडी प्रकारचा असतो. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं यांतून बनलेली ३२ चिन्हं, मध्ये चार आडव्या रेघा, एकूण ३६. यादृच्छिकपणे बनवलेला असा क्रमांक दुसऱ्या कुणाच्या क्रमांकाशी जुळण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की तिचा विचार करायचं कारण नाही. त्यासाठी अर्ज नाही, शुल्क नाही, साहेबाची सही नाही.

जुन्या कृतींचं काय केलं, ते मला फार आवडतं. इन्फोकॉम या कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या गेम-फाईलींच्या सुरुवातीलाच रिलीजचा आकडा आणि सहा अंकी सीरियल लिहिलेलं असायचं, बहुधा तयार केल्याची तारीख. तेवढ्यावरून त्यांना मागाहून ओळख देता आली. ‘झोर्क १’च्या एका प्रतीचा क्रमांक सुरू होतो तो असा: झेडकोड-८८-८४०७२६. म्हणजे ८८ वा रिलीज, २६ जुलै १९८४. कंपनी गेली, ते संगणक भंगारात गेले, डिस्का बुरसल्या. फाईलच्या पोटात लिहिलेले ते मोजके आकडे कामी आले. ठाण्याच्या शिक्क्याने जे केलं तेच.

ज्यांच्या पोटात काहीच नव्हतं, त्यांची ओळख फाईलच्या एकूणएक अक्षरांवरून गणिताने काढलेल्या ठशावर ठरते. एमडी५ म्हणतात तो ठसा. हा निरुपायाचा मार्ग आहे आणि मराठी लेखकाने तर त्याच्या भरवशावर मुळीच राहू नये. कारण उघड आहे. तुम्ही गोष्ट प्रसिद्ध केलीत. दुसऱ्या दिवशी एखाद्या वाचकाने कळवलं की ‘आणि’ची वेलांटी चुकलीय. तुम्ही ती सुधारलीत. झालं, ठसा संपूर्ण बदलला. संगणकाच्या लेखी आता या दोन वेगळ्या गोष्टी. शुद्धलेखनावर आपण जेवढे भांडतो त्या मानाने महिन्याभरात एकाच गोष्टीची डझनभर अपत्यं जन्माला येतील. आत लिहिलेला आयएफआयडी मात्र वेलांटी सुधारल्याने हलत नाही. करारातली अपेक्षा तीच आहे: कृती तीच, तर क्रमांक तोच, आवृत्त्या कितीही निघोत.

‘पण नावावरून ओळखता येईल की’ असं कुणी म्हणेल. मराठीत येणार नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ‘ॲप’मधला पहिला वर्ण संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. त्यासाठी २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आहे, आणि अ वर अर्धचंद्र ठेवूनही तो दिसतो. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यांमधल्या अर्ध्या र चंही तसंच. एक पद्धत नुक्तेवाल्या ऱ ची, दुसरी साध्या र ला हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह लावण्याची. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या शोधाला दोन वेगळे शब्द. तुमच्या गोष्टीचं नाव ‘दऱ्याखोऱ्या’ असेल तर त्या एका शब्दातच दोनदा चकायला जागा आहे. आणि रोमनमध्ये नाव लिहिलंत तर डिजिटल लायब्ररीच्या सूचीचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. वर आपली नावंही तीच ती. वाडा, विहीर, शेवटची लोकल. या नावांच्या गोष्टी पन्नास निघतील, निघूही देत. नाव वाचकासाठी असतं. ओळख वेगळी ठेवावी लागते.

आपल्या संतांना हे ठाऊक होतं. अभंग कागदावर नव्हे, गळ्यांतून फिरणार, आणि गळा बदलताना मालक विसरला जाणार, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून नाममुद्रा अभंगाच्या आत, शेवटच्या चरणात बांधली. ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’. ती काढली तर चरण मोडतो, म्हणून ती गाणाऱ्याबरोबर गावोगाव गेली. पण नुसत्या नावाची मर्यादाही याच परंपरेत दिसते. ‘नामा’ या मुद्रेचे अभंग एकट्या नामदेवांचे नाहीत. पुढच्या काळातल्या विष्णुदास नामा यांच्यासारख्यांची रचना त्यात मिसळली आणि कोणता अभंग कोणाचा हे निवडत बसणं अभ्यासकांच्या नशिबी आलं. मुद्रा आत होती हे बरोबर होतं, पण ती एकमेव नव्हती. आत हवी आणि एकमेव हवी, या दोन्ही अटी ३६ चिन्हांत आज फुकट पुऱ्या होतात. मग टाळाटाळ का?

कायद्याच्या जोरावर विसंबू नका. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक केलं होतं. इंग्रजांचा हेतू नजर ठेवण्याचा होता, पण त्या एका सक्तीमुळे आपल्या पुस्तकांना पत्ता मिळाला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत उभी केली. इतकं मोठं काम होऊ शकलं, कारण पुस्तकं आपली माहिती आपल्या अंगावर बाळगून होती. त्या कायद्याच्या जागी नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि पुस्तकं त्याच्या कक्षेबाहेर गेली. १९५४ च्या कायद्यानुसार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, पण तो कायदाही छापील पुस्तकांचा विचार करून केलेला. आयएसबीएनच्या नियमांत गेम बसत नाहीत. थोडक्यात, तुमच्या मराठी गोष्टीची नोंद ठेवणं हे आज कायद्याने कोणाचंच काम नाही. म्हणून ते तुमचं आहे.

काम किती? ट्वाइन वापरत असाल तर जवळजवळ शून्य. ते स्वतःच आयएफआयडी बनवतं आणि फाईलमधल्या गोष्टीच्या माहितीत लिहितं. ग्रॅहम नेल्सन यांचं इन्फॉर्म ७ हेही करतं. प्रश्न येतो तो हाताने पान लिहिणाऱ्यांचा, आणि आपल्याकडची हुशार पोरं-पोरी नेमकं तेच करतात: स्वतःचं एचटीएमएल, स्वतःचं जावास्क्रिप्ट. त्यांनी पानाच्या हेडमध्ये एक मेटा ओळ घालावी. गुणधर्माचं नाव ‘आयफिक्शन:आयएफआयडी’, मूल्य म्हणजे तो क्रमांक, अक्षरं कॅपिटल. करारात एचटीएमएल पानांसाठी ही सोय दिलेली आहे. वाचणाऱ्याला ती ओळ दिसत नाही, सूची करणाऱ्या प्रोग्रामला दिसते. ‘आयएफडीबी’ या मोठ्या सूचीत कृती या क्रमांकावरून शोधता येते, आणि १९९२ पासून चालू असलेला ‘आयएफ आर्काइव्ह’ फाईली सांभाळतो.

चार ठिकाणी लोक घसरतात, तेवढं सांगतो. एक, दुसऱ्याचं पान नमुना म्हणून उचलताना त्याचा क्रमांकही उचलला जातो. मग तुमची भूतकथा त्याच्या प्रेमकथेच्या नावावर नोंदली जाईल. नवी गोष्ट, नवा क्रमांक. दोन, गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावर गोष्टीचं वर्णन लिहिलं की काम झालं असं वाटतं. अशा बऱ्याच ठिकाणी तुमचं पान त्यांच्या पानाच्या चौकटीत चालतं. वर्णन त्यांच्या पानावर राहतं, तुमच्या फाईलबरोबर येत नाही. क्रमांक गोष्टीच्या पानातच घाला. तीन, यूयूआयडी चौथ्या प्रकारचा घ्या, यादृच्छिक. पहिल्या प्रकारात संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता मिसळलेला असू शकतो. आपल्याला गोष्टीची ओळख द्यायची आहे, घराची नाही. त्याच कारणाने मोबाइल नंबर, ईमेल असलं काही मेटाडेटात कोंबू नका. लेखक म्हणून टोपणनाव हवं तर खुशाल टोपणनाव लिहा.

चौथी घसरण भाषेची, आणि हिच्यावर माझा विशेष राग आहे. मराठी गोष्टीच्या पानावर भाषा म्हणून इंग्रजी लिहिलेलं असतं, कारण साधनाने तसं भरून दिलेलं असतं आणि कुणी बदललेलं नसतं. कधी देवनागरी दिसली म्हणून हिंदी. मराठीसाठी ‘एमआर’ हा दोन अक्षरी संकेत आहे. तो लिहायला एक सेकंद लागतो. तो नसला तर अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तुमचा मजकूर इंग्रजी किंवा हिंदी उच्चारांनी वाचण्याची शक्यता वाढते. तो असला तर, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे, ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात. आणि उद्या कोणी ‘मराठीतल्या सगळ्या इंटरॅक्टिव्ह कथा दाखव’ म्हणेल, तेव्हा तुमची गोष्ट मोजली जाईल. आपण भाषेच्या अभिमानाची भाषणं करतो आणि आपल्याच पानावर आपल्या भाषेचं नाव लिहीत नाही. हे चालणार नाही.

याच्याबरोबर आणखी चार गोष्टी द्या: नाव, लेखक, पहिल्या प्रसिद्धीचं साल, दोन-तीन वाक्यांत ओळख. करारात यासाठी वेगळा नोंदीचा नमुना आहे, तोही किचकट नाही. आणि हे सगळं अदृश्य हेडमध्ये ठेवून थांबू नका. गोष्टीच्या शेवटी ‘या कथेबद्दल’ असं एक दिसणारं पान ठेवा आणि तोच क्रमांक तिथेही छापा. उद्या कोणी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर हेड मागे राहील. कोणी स्क्रीनशॉट काढला तर मेटा ओळ त्यात येणार नाही. छापलेला क्रमांक येईल. यंत्रासाठी एक, माणसासाठी एक. ठाण्याच्या त्या पानांवर बारकोड आणि शिक्का दोन्ही आहेत, हे विसरू नका.

आता ग्रंथालयांना विनंती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं संग्रहालय १८९३ सालचं. या दोन संस्थांनी छापील मराठीसाठी जे केलं त्याला तोड नाही. त्यांनी एक नोंदवही उघडावी: संगणकावर जन्मलेल्या मराठी कथांची. क्रमांक, नाव, लेखक, साल, भाषा. फाईल दोन ठिकाणी जपून ठेवावी. याला इमारत लागत नाही, अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. एक जाणकार स्वयंसेवक आणि एक हार्ड डिस्क पुरे, आणि डोंबिवलीत असा स्वयंसेवक शोधायला फार लांब जावं लागणार नाही. आज अशा कथा मूठभर आहेत, म्हणून आजच सुरुवात करावी. हजार झाल्यावर उलगडा करायला बसलो तर पुन्हा कुणाच्या तरी जुन्या बॅकअपमध्ये हात घालावा लागेल.

आणि लिहिणाऱ्यांनो, तुमच्या संगणकावर जी अर्धी-पुरी गोष्ट पडली आहे ती आज उघडा. हेडमध्ये क्रमांक आहे का पाहा, भाषेच्या जागी मराठी आहे का पाहा. नसेल तर आधी ते लिहा आणि मगच लिंक कुणाला पाठवा.